भाऊजींच्या हाती पिस्तूल

खुनाला कधी ना कधी वाचा फुटतेच, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. धनंजय लांजेवारच्या दुकानात ती साधारण तिसऱ्या दिवशी फुटत असे, कारण पहिला दिवस निर्मात्याचा चांगला फोटो मिळवण्यात जाई आणि दुसरा निर्मात्याच्या साळ्याचा.

दुकान भिलाईतल्या कॅम्प-वनच्या बाजारात होतं. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान. मधल्या गाळ्यात धनंजय फ्लेक्स छापत असे. वाढदिवस, नवरात्र, कोचिंग क्लासचा निकाल, सेवानिवृत्ती, पाण्याचे कॅन आणि अधूनमधून छत्तीसगढी सिनेमा. सिनेमांतही त्याच्याकडे यायचे ते खुनाचे. प्रेमाचे सिनेमे रायपूरचा एक जण करायचा, त्याच्याकडे धबधब्याचा चांगला फोटो होता.

खुनाच्या पोस्टरचं शास्त्र असतं. डावीकडे नायकाचा अर्धा चेहरा, उरलेला अर्धा अंधारात. उजवीकडे खलनायक, त्याच्या एका डोळ्यात लाल ठिपका. मधोमध पिस्तूल, नळी बघणाऱ्याकडे. खाली ओला रस्ता. शूटिंग भर मे महिन्यात झालेलं असलं तरी रस्ता ओलाच, आणि त्यावर पोलिसांच्या गाडीचा लाल-निळा उजेड. नायिका कोपऱ्यात, तोंडावर हात धरून. नाव तडकलेल्या अक्षरांत, आणि शेवटच्या कान्यातून गळणारा रक्ताचा थेंब.

हा थेंब म्हणजे धनंजयच्या बायकोचं, शिल्पाचं, नेलपॉलिश होतं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यानं ते काचेवर सांडून फोटो काढला होता. तेव्हापासून त्याच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक मुडद्याचं रक्त शिल्पाच्या नखांच्या रंगाचं निघालं. शिल्पाला याचा अभिमान होता असं नाही. ती बाटली परत मिळाली नाही, एवढंच ती कधीमधी बोलून दाखवी.

हे सगळं कॉम्प्युटरवर एकाच फाइलमध्ये होतं. तिचं नाव ‘मर्डर मास्टर’. नवा सिनेमा आला की ती उघडायची, जुने चेहरे काढायचे, नवे बसवायचे, नाव बदलायचं. धनंजय नागपूरहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून आला होता. तिथे त्यानं मोकळ्या जागेचं महत्त्व या विषयावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. भिलाईत मोकळी जागा दिसली की निर्माता तिथे आपल्या मामाचा फोटो लावायला सांगे. एकदा धनंजयनं बंड म्हणून पिस्तूल मधून डावीकडे नेलं. निर्मात्यानं विचारलं, हीरो डावखुरा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? पिस्तूल परत गेलं.

धनंजयचे वडील मारोतराव भंडाऱ्याहून येऊन भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल मिलला लागले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही, म्हणून धनंजय कलेकडे वळला होता. आता एक्कावन्नाव्या वर्षी ‘मर्डर मास्टर’ उघडताना त्याला कळून चुकलं होतं की गेट तेच आहे आणि पाळीही तीच. फक्त वडिलांना बोनस मिळायचा.

अशात सप्टेंबरमध्ये अभिनव आला. अभिनव हा सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या, एका मराठी अधिकाऱ्याचा मुलगा, पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेला, केस मागे बांधलेले. त्याच्याबरोबर त्याचे निर्माते सुखराम सेठ. सुखराम सेठांचा हथखोजला लोखंडी फाटकं बनवायचा कारखाना होता, आणि फाटकांत जे काही मिळवलं ते त्यांनी या सिनेमात घातलं होतं. सिनेमाचं नाव ‘भला मनखे’, म्हणजे भला माणूस. कथा अशी की एका वसाहतीत एक क्लार्क असतो. सगळे त्याला नमस्कार करतात. वसाहतीत तीन माणसं पाण्याच्या टाकीवरून पडून मरतात. मध्यंतरापर्यंत कुणाला कळत नाही की ढकलणारा तोच आहे. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, रस्ता कोरडा.

“अंकल, मला ते टिपिकल नको,” अभिनव म्हणाला. “वो सब खून-पिस्तौल नहीं. कुछ हटके.”

हटके हा शब्द धनंजयनं बराच ऐकलेला होता. त्याचा अर्थ सहसा पिस्तूल आणखी मोठं करा असा असे. पण हा पोरगा खरंच तसं म्हणत होता. धनंजयनं तिथल्या तिथे कागदावर एक चौकोन काढला, मधोमध एक चेहरा काढला, आणि हात थांबवला. आणखी काही नाही, तो म्हणाला. एक माणूस. बस.

सुखराम सेठांनी कागद आधी सरळ धरून पाहिला, मग उलटा. पिस्तूल नसलेला मर्डर पिक्चर म्हणजे बिजागरी नसलेलं फाटक, असं त्यांचं मत पडलं. आणि त्यांचा साळा कुठे जाणार? अभिनवनं बरंच समजावलं. शेवटी सेठांनी धंद्याच्या भाषेत तोडगा काढला. त्यांच्याकडे आणखी तीन मर्डर पिक्चरं तयार होती. हे पोस्टर चाललं तर ती तिन्ही धनंजयच्या मनासारखी, त्यात कुणाचा साळा नाही. नाही चाललं तर हे आणि ती तिन्ही जुन्या पद्धतीनं. आणि मग जन्मभर हटके हा शब्द आपल्यासमोर काढायचा नाही.

धनंजयला त्या रात्री झोप चांगली लागली, ही त्याच्या बाबतीत काळजीची गोष्ट होती.

प्रश्न राहिला चेहऱ्याचा. खुन्याचं काम करणारा नट लपवून ठेवायचा होता, म्हणजे चेहरा दुसऱ्याच कुणाचा हवा. असा की ज्याच्यावर कुत्रंही संशय घेणार नाही. धनंजयनं फार शोध घेतला नाही. त्याची मोठी बहीण कमलताई हिचे यजमान प्रवीण बोरकर प्लांटच्या स्टोअरमध्ये सीनियर क्लार्क होते. वय सत्तावन. त्यांच्याकडे पाहिलं की माणसाला आपला कुठलातरी अर्ज भरायचा राहिलाय असं वाटे.

रविवारी कमलताईच्या क्वार्टरमध्ये वडाभात होता. धनंजयनं विषय काढला. लांजेवारांनी जावयाचा मान कधी नीट केला नाही, अशी प्रवीणभाऊजींची लग्नापासूनची तक्रार होती. धोंड्याच्या महिन्यात दिलेला टॉवेल ते अजून काढून दाखवत. त्यांनी घास थांबवून विचारलं, “फोटो मोठा असन का?”

“बारा बाय आठ.”

“इंच?”

“फूट, भाऊजी.”

भाऊजींनी आणखी दोन वडे घेतले.

फोटो धनंजयनं स्वतः काढला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, नजर सरळ, हसू नाही आणि रागही नाही. मागे नुसता पांढरा रंग. खाली टाइप केल्यासारख्या बारीक अक्षरांत ‘भला मनखे’. त्याखाली ‘३१ अक्टूबर, शुक्रवार’. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, आयुष्यात पहिल्यांदा, ‘डिज़ाइन: धनंजय लांजेवार’. फ्लेक्स मशीनमधून बाहेर येताना तो बघत उभा राहिला. शिल्पा डबा घेऊन आली होती, तिला त्यानं बोलावून दाखवलं. ती म्हणाली, भाऊजी छान आले. खुनी कुठे आहे? धनंजयला हे सगळ्यांत मोठं कौतुक वाटलं.

दिवाळी तोंडावर आली होती. पोस्टरं लागली. एक खुर्सीपारच्या रस्त्यावर, दोन सेक्टरच्या बाजारात, एक प्लांटच्या गेटकडे जाणाऱ्या चौकात. पहिल्याच सकाळी धनंजय खुर्सीपारला चहाच्या टपरीवर जाऊन बसला. ‘मर्डर मास्टर’च्या पोस्टरकडे लोक चालता चालता बघतात, कारण त्यात बघण्यासारखं काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. इथे एक सायकलवाला चक्क थांबला. उतरला. चेहऱ्याकडे बघत राहिला. धनंजयचा चहा हातातच राहिला. नागपूरच्या त्या निबंधात त्यानं जे लिहिलं होतं, ते तीस वर्षांनी खुर्सीपारच्या रस्त्यावर घडत होतं.

सायकलवाला टपरीवाल्याकडे वळला. “स्टोर वाले बोरकर बाबू भी जा रहे हैं,” तो म्हणाला. “इकतीस को.”

“अच्छे आदमी हैं,” टपरीवाला म्हणाला. “पार्टी कहाँ है?”

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगितलं पाहिजे. भिलाईत माणूस जन्मतो वेगवेगळ्या तारखांना, पण रिटायर होतो महिन्याच्या शेवटच्या तारखेला. त्याच्या आधी पंधरा दिवस त्याचा फ्लेक्स लागतो. पांढरी किंवा आकाशी पार्श्वभूमी, कारण लाल रंग लग्नाचा. सरळ बघणारा चेहरा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. खाली दोन चांगले शब्द आणि तारीख. वर ‘सेवानिवृत्ति की हार्दिक शुभकामनाएँ’ असं लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. चेहरा आणि एकतीस तारीख दिसली की पुरतं. हे सगळं धनंजयला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. गावातले निम्मे असे फ्लेक्स त्याच्याच मशीनमधून निघत. इतके निघत की त्यानं ते कधी पाहिलेच नव्हते. एका साच्यातून बाहेर पडायचं म्हणून त्यानं दार उघडलं होतं, आणि दाराच्या पलीकडे त्याचाच दुसरा साचा उभा होता.

तो दुकानात येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. लोकांना कळेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खाली सिनेमाचं नाव आहे.

लोकांना जे कळायचं ते कळलं. स्टोअरमध्ये प्रवीणभाऊजींच्या टेबलाशी दुपारपर्यंत सहा जण येऊन हात मिळवून गेले. भाऊजी म्हणाले, अहो मी कुठं चाललो, माझी तीन वर्षं बाकी आहेत. लोक हसले. जाणारा माणूस असंच म्हणतो. संध्याकाळी सुटकेस घ्यायची की भिंतीवरचं घड्याळ यावर स्टोअरमध्ये दोन तट पडले. तिसऱ्या दिवशी प्रशांत नावाच्या ज्युनिअरनं आपला डबा भाऊजींच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सुरुवात केली. का, तर सवय व्हावी म्हणून.

क्वार्टरवरही माणसं येऊ लागली. सेक्टरमध्ये कुणी रिटायर होणार म्हटलं की त्याच्या क्वार्टरवर दहा जणांचा डोळा असतो, आणि कमलताईच्या क्वार्टरला मागे पक्की पडवी होती, अंगणात फळता आंबा होता. मागच्या रांगेतल्या वच्छलाबाई आपल्या जावयाला घेऊन आल्या. जावयानं कमलताईला नमस्कार केला आणि फ्रिज कुठे बसेल ते टेपनं मोजलं. जाताना वच्छलाबाई म्हणाल्या, आंब्याला पाणी देत जा बाई आमी येईपर्यंत.

इथपर्यंत प्रकरण हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग कुणीतरी हिशेब केला की बोरकर बाबू अजून साठ वर्षांचे झालेले नाहीत. मग तीन वर्षं आधी माणूस का जातो? आपणहून जातो, की घालवतात? स्टोअरमधून कधीकाळी तांब्याची तार गेली होती. ती पुढे सापडलीही होती, पण सापडलेल्या तारेची गोष्ट कोण लक्षात ठेवतं? हात मिळवणारे हळूहळू लांबून मान हलवायला लागले. सुटकेसची वर्गणी थांबली. ज्या माणसावर कुत्रं संशय घेणार नाही असं धनंजयला वाटलं होतं, त्याच्यावर अख्खं डिपार्टमेंट संशय घ्यायला लागलं. खरं तर सिनेमाला हेच हवं होतं. फक्त ते सिनेमाबाहेर झालं.

कमलताईचा फोन आला. फोनवर ती फक्त ये म्हणाली.

धनंजय गेला तेव्हा प्रवीणभाऊजी आरामखुर्चीत बसले होते, अंगात बनियन. पांढरा शर्ट घालायचा त्यांनी सोडून दिला होता.

“ये, बस,” कमलताई म्हणाली. “चहा घेशीन? का तूबी क्वार्टर मोजाले आला?”

“ताई, ते सिनेमाचं...”

“मले माहीत आहे सिनेमाचं. साऱ्या भिलाईले सांगू का घरोघरी जाऊन? सांगतलं तर म्हणतात, हो का, सिनेमात बी काम करून राहिले का आता? रिटायर झाल्यावर चांगलं आहे म्हणे, टाइमपास होते.”

भाऊजी छताकडे बघत बोलले. “मी म्हनतो मी नाही चाललो, तर म्हनतात का चालले. मी म्हनतो मले कोनी काढलं नाही, तर म्हनतात, आमी कुठं म्हटलं काढलं म्हनून? धनंजय, मले एक सांग. पांढरा शर्ट कावून घालाले लावला तू मले?”

“भाऊजी, ते खुनी दिसावं म्हणून.”

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. “खुनी? मी त क्लार्क दिसून राहिलो ना.”

“तेच तर,” धनंजय म्हणाला, आणि हे आपण म्हणायला नको होतं हे त्याला म्हणतानाच कळलं. मग त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. भीती दाखवली की संपते, लपवली की वाढते. साधा माणूस हाच सगळ्यांत भयंकर. नुसता चेहरा ठेवायचा, बाकी बघणाऱ्यावर सोडायचं. नागपूरला हे वाक्य परीक्षकांना फार आवडलं होतं.

“बघनाऱ्यावर सोडलं ना तू?” कमलताई म्हणाली. “मंग बघनारे बघून राहिले. धनू, एक त ते उतरव. नाही त ह्यायच्या हातात काही तरी दे. खुनी आहे म्हनतं ना? मंग दिसू दे ना खुनी. पिस्तूल दे.”

“पिक्चरमध्ये पिस्तूल नाही, ताई.”

“माह्या घरात बी नाही. पन लोक येऊन राहिले ना घरात.”

उतरवायचं तर सौदा हरला. धनंजयनं रात्रभर विचार केला आणि ठरवलं, एक पिस्तूल. फक्त एक. पांढरी जागा राहील, चेहरा राहील, अक्षरं राहतील. कलेत थोडं घ्यावं लागतं, थोडं द्यावं लागतं. त्यानं ‘मर्डर मास्टर’ उघडली, पिस्तूल उचललं, भाऊजींच्या हाती दिलं, आणि फाइल घाईनं बंद केली, जणू आत कुणी त्याला ओळखेल.

नवीन फ्लेक्स लागले. आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या शर्टातला एक भारदस्त माणूस हातात पिस्तूल घेऊन सरळ बघत होता, आणि खाली तारीख होती. भिलाईत याचाही एकच अर्थ होतो. हा भैयाजींचा, म्हणजे वॉर्डातल्या एखाद्या नेत्याचा, वाढदिवस असतो.

दिवाळीचे उरलेले फटाके घेऊन खुर्सीपारची आठ-दहा पोरं मोटारसायकलींवर कमलताईच्या दारात आली. त्यांच्याजवळ केक होता. भैयाजी घरी आहेत का, त्यांनी विचारलं. वाढदिवस आज नाही हे कळल्यावर, आज नाही तर एकतीसला, पण केक तर आणलाय, असं म्हणून त्यांनी तो अंगणात कापला. भाऊजींना एक तुकडा भरवला, त्यांच्याबरोबर फोटो काढले, आणि नाल्याचं काम कधी होणार ते विचारलं. भाऊजी म्हणाले बघतो. दुसऱ्या दिवशी धनंजयला आनंद नावाच्या गृहस्थांचा फोन आला. आनंद हे वॉर्डातल्या जुन्या भैयाजींचे उजवे हात. ते अतिशय नम्रपणे बोलले. हा नवीन नेता कोण आहे, कुणाच्या सांगण्यावरून उभा राहतोय आणि त्याचा फ्लेक्स आमच्या भैयाजींच्या फ्लेक्सपेक्षा दोन फूट मोठा का आहे, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. दुकान चांगलं चाललंय ना, हेही त्यांनी जाता जाता विचारलं.

धनंजयनं रक्त घातलं.

कपाळावरून एकच थेंब, डाव्या भुवईपर्यंत. पिस्तूल काढलं, म्हणजे निदान तेवढं तरी वाचलं असं त्याला वाटलं. प्लांटच्या गेटकडच्या चौकातल्या फ्लेक्सवर हा बदल झाला त्या सकाळी तो तिथल्या टपरीवर जाऊन बसला. पहिल्या पाळीची माणसं आली, वर बघून चपापली. दोघा-तिघांनी गाड्या बाजूला घेऊन हेल्मेटचे पट्टे आवळले. एक जण दुसऱ्याला म्हणाला की प्लांटच्या सेफ्टीवाल्यांनी या वेळी फोटो जोरदार लावलाय, आणि हे स्टोरवाले बाबू पडले कुठून? दुपारी कमलताईकडे भाऊजींची तब्येत विचारायला चार बायका आल्या. येताना त्यांनी नारळपाणी आणलं होतं.

सिनेमाचं हे पोस्टर एवढीच एक समाजसेवा करून गेलं.

आता सुखराम सेठ स्वतः दुकानात आले. रागावले नव्हते. रागावायचे ते लोखंडाचा भाव वाढल्यावर. त्यांनी आपल्या साळ्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मागे अभिनव उभा होता. अभिनवकडे धनंजयनं अपेक्षेनं पाहिलं. अभिनवनं केसांची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“अंकल, थोडं डार्क करून बघू ना,” तो म्हणाला. “मतलब, पूरा नहीं. थोडा.”

मग थोडं डार्क झालं. डार्क झाल्यावर नाव दिसेना म्हणून अक्षरं मोठी झाली. मोठी अक्षरं रिकामी वाटली म्हणून तडकली. तडकल्यावर थेंब कपाळावरून उतरून आपल्या जागी, शेवटच्या कान्याखाली, आला. खाली काळं फार झालं म्हणून रस्ता आला, आणि रस्ता आला म्हणून ओला झाला. धनंजय हे सगळं हातानं करत होता. डोक्याची गरज नव्हती. हातांना वाट माहीत होती, बैलांना घरची असते तशी. पिस्तूल मधोमध आलं. नायिका या सिनेमात नव्हतीच, पण कोपरा रिकामा राहिला म्हणून सेठांच्या ओळखीतल्या कुणाच्या मुलीचा फोटो आला. तिनं तोंडावर हात धरलेला नव्हता. तो जुन्या नायिकेचा लावला.

साळ्याला जागा राहिली ती एकच. खालचा कोपरा. तिथे ‘डिज़ाइन: धनंजय लांजेवार’ होतं. सेठ फोटो हातात धरून नुसते बसून राहिले. धनंजयनं स्वतःच नाव पुसलं, आणि साळा चपखल बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवीणभाऊजी दुकानात आले. एकटेच, स्कूटरवर. ते कधी दुकानात येत नसत. जावयानं साळ्याच्या दुकानात जाऊ नये असा काही नियम नव्हता, पण ते तो पाळत. धनंजयनं चक्कीवाल्याकडून खुर्ची आणली, पुसली. भाऊजी म्हणाले की स्टोअरमध्ये आता ठीक आहे. प्रशांतनं डबा काढून घेतला. वच्छलाबाई आंब्याबद्दल बोलत नाहीत. सारे म्हणतात, अरे तो तर पिक्चर होता.

“मंग मी पाह्यलं चौकात,” ते म्हणाले. “त्यात मी कोनता?”

धनंजयनं स्क्रीनवर दाखवलं. डावीकडे. अंधारातून एक गाल आणि एक कान बाहेर आले होते.

“हे मी?”

“अर्धे.”

भाऊजी वाकून बराच वेळ बघत राहिले. खिशातला पेन त्यांनी काढला, उगाच झाकण लावलं, पुन्हा खिशाला लावला.

“पयलेवालं चांगलं होतं,” ते म्हणाले. “तरास झाला, नाही म्हनत नाही. तुह्या ताईले त लई झाला. पन त्यात, म्हंजे, मी होतो.”

दाखवण्यासारखं धनंजयकडे एकच होतं. पहिल्या पोस्टरची फाइल. ती त्यानं उघडली. पांढरी जागा, पांढरा शर्ट, सरळ नजर. दोघंही बघत बसले. चक्कीचं पीठ उडून स्क्रीनवर बसत होतं. भाऊजींनी विचारलं, हे घरी लावायला एक लहान मिळेल का, बारा बाय आठ इंच. धनंजय म्हणाला, हो. मग भाऊजी म्हणाले, नको, लोक विचारतील कधी चालले म्हणून. आणि स्कूटर काढून ते गेले.

पोस्टर चाललं. म्हणजे त्याच्याकडे बघून कुणी थांबलं नाही, कुणी नमस्कार केला नाही, केक आणला नाही, हेल्मेट आवळलं नाही. लोक चालता चालता बघत आणि पुढे जात. आनंद यांनी फोन करून गैरसमज दूर झाल्याचं कळवलं आणि भैयाजींच्या खऱ्या वाढदिवसाची ऑर्डर दिली. सुखराम सेठ खूश झाले. शब्दाचे पक्के होते, म्हणाले, पोस्टर चाललं, मग ती तिन्ही पिक्चरं तुमचीच. मनासारखी करा. फक्त हे जसं आहे ना, अगदी तसंच. धनंजयनं मान हलवली. शिल्पाला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, काम तरी लागलं. त्यानं ‘मर्डर मास्टर’ची नक्कल काढून पुढच्या सिनेमाचं नाव टाकलं आणि गेटातून आत गेल्यासारखा कामाला बसला.

एकतीस तारखेला शुक्रवारी भिलाईत काही माणसं रिटायर झाली. त्यांचे फ्लेक्स धनंजयनंच छापले होते.

‘भला मनखे’ त्या दिवशी लागला नाही. सेन्सॉरकडे अर्ज करायचा अभिनवचा राहून गेला होता.